चाकांची पत्रिका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जुन्या मोटारींच्या रॅलीला किंवा प्रदर्शनाला कधी गेलात तर एक करून पाहा. गाडीचं तोंड सगळेच बघतात, बॉनेटपुढे उभं राहून फोटोही काढतात. तुम्ही जरा वाकून तिच्या पायांकडे बघा. रंग मूळचा, बंपर मूळचे, आतली शिवणसुद्धा जुन्या धाटणीची अशी एखादी फोक्सवॅगन बीटल तिथे उभी असते, आणि चाकं मात्र पॉर्शेची. ब्रिटिश गाडीला जपानी चाकं, इटालियन गाडीला जर्मन चाकं असेही प्रकार दिसतात. काही जण त्याला हौस म्हणतात, काहींना तो देवळातली मूर्ती बदलण्याइतका गुन्हा वाटतो. या वादात दोन्ही बाजूंना दम आहे. पण त्याच्याआधी एक साधा प्रश्न येतो आणि तो फारसा कुणी विचारत नाही. जे चाक या गाडीसाठी घडलंच नाही, ते तिला पेलेल का?

मुळात परकं चाक लावावंसं का वाटतं? नुसती शोभा हे कारण नसतं. पुष्कळदा टायरची अडचण असते. आपल्या जुन्या पद्मिनीचा टायर ५.२०-१४ मापाचा, अ‍ॅम्बेसॅडरचा ५.९०-१५, बीटलचा ५.६०-१५. ही सगळी क्रॉस-प्लाय टायरच्या जमान्यातली, ट्यूबच्या टायरची मापं. तेव्हाच्या बऱ्याचशा रिमना आतल्या बाजूला तो बारीकसा उंचवटा नसतो, ज्याला हल्ली ‘हंप’ म्हणतात. आजच्या रिममध्ये टायरची कड या उंचवट्यामागे अडकून बसते. जुन्या रिमवर ट्यूबलेस टायर नुसता चढवला आणि हवा कमी झाली, तर वळणावर टायरची कड आत सरकते आणि हवा एका क्षणात निघून जाते. म्हणजे नवी रिम शोधणाऱ्या माणसाचं अगदीच चुकतं असं नाही. तो शोधतो कसा, हा खरा मुद्दा.

बहुतेक जण डोळ्यांनी शोधतात. चार भोकं आहेत? आहेत. पंधरा इंची आहे? आहे. मग बसेल! लग्न जमवताना नुसता फोटो बघून हो म्हणावं, तसं हे. चाकालाही पत्रिका असते आणि तिच्यातले आकडे जुळावे लागतात.

पहिला आकडा बोल्टच्या वर्तुळाचा. सगळ्या बोल्टच्या मध्यबिंदूंमधून एक वर्तुळ काढलं तर त्याचा जो व्यास येईल, त्याला गॅरेजमध्ये ‘पीसीडी’ म्हणतात. चार बोल्ट असतील तर मोजणं सोपं: एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत माप घ्यायचं. पाच भोकांत समोरासमोर काही येत नाही. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं आणि त्याला १.७ ने गुणायचं. अगदी काटेकोर म्हणाल तर १.७०१ ने.

हे आकडे जगभर एकसारखे नाहीत, आणि त्यामागे इंच आणि मिलिमीटर यांचं जुनं भांडण आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन कारखाने इंचात विचार करत. म्हणून १९५९ मध्ये आलेल्या ब्रिटिश मिनीचं वर्तुळ चार इंचांचं, म्हणजे १०१.६ मिलिमीटर. एमजीबी या स्पोर्ट्‌स गाडीचं साडेचार इंच, म्हणजे ११४.३. जर्मन आणि इटालियन कारखाने मिलिमीटरवाले. बीएमडब्ल्यूच्या लहान गाड्या आणि फोक्सवॅगन गोल्फ १०० वर, फियाट ९८ वर. जपान मिलिमीटरचा देश, पण तिथल्या कित्येक गाड्यांवर हे साडेचार इंच ११४.३ होऊन टिकून राहिले. आपल्या मारुती ८०० च्या चाकावरही हाच आकडा. गंमत बघा, एमजीबी आणि मारुती ८०० दोन्ही चार बोल्टच्या आणि दोन्ही ११४.३ च्या. म्हणून मारुतीचं बारा इंची चाक एमजीबीला लागेल का? नाही. एमजीबीचं मूळ चाक चौदा इंची, आणि तिचा पुढचा डिस्क ब्रेक त्या बारा इंची वाटीत मावणारच नाही. एक गुण जुळला म्हणजे पत्रिका जुळली असं होत नाही.

आता खरा धोका सांगतो. जे चाक अजिबात बसत नाही, ते धोक्याचं नाही. ते परत जातं, विषय संपतो. धोक्याचं असतं ते जवळजवळ बसणारं चाक.

फियाट १२४ ही इटालियन गाडी घ्या. १९६६ मध्ये आली, १९६७ ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ठरली. तिचं वर्तुळ ९८ मिलिमीटरचं. बाजारात अलॉय चाकं मिळतात ती ढिगाने १०० ची, कारण ते माप कितीतरी कंपन्यांनी वापरलं. ९८ आणि १००. दोन मिलिमीटरचा फरक. डोळ्याला दिसत नाही, आणि चाकाची भोकं बोल्टपेक्षा सैल असल्यामुळे बोल्ट आतही जातात. मेकॅनिक पान्यावर जोर देतो, पाना थांबतो, तो म्हणतो, ‘‘साहेब, बसलं की!’’

बसलेलं नसतं. चाक नेमकं मधोमध असेल तर प्रत्येक बोल्टची जागा एक-एक मिलिमीटरने चुकलेली असते. बोल्टच्या डोक्याखाली शंकूसारखा उतार असतो आणि चाकात त्याच आकाराची वाटी असते. शंकू वाटीत सगळीकडून टेकायला हवा. इथे तो एकाच बाजूने टेकतो, आणि आवळताना बोल्ट किंचित वाकतो. अशा चाकांतून काढलेले बोल्ट मी हातात घेऊन पाहिले आहेत. शंकूच्या एका बाजूला आरशासारखा घासलेला पट्टा आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यातला मुलामा जसाच्या तसा.

याने काय बिघडतं ते कळायला, चाक गाडीला कशाने धरलेलं असतं हे समजून घ्यावं लागेल. आपल्याला वाटतं, गाडीचा भार बोल्टच्या दांड्यावर लटकलेला असतो, भिंतीतल्या खुंटीवर पिशवी लटकावी तसा. तसं नाही. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबाने चाक आणि हब यांच्या पृष्ठभागांत जे घर्षण होतं, ते गाडी पेलतं. दाब कमी झाला की चाक हबवर अगदी सूक्ष्म सरकायला लागतं, आणि मग खरोखरच बोल्टवर भार येतो, तोही एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. एवढ्या आकाराचं चाक एका किलोमीटरला साधारण पाचशे फेरे घेतं. मुंबई ते पुणे धरा दीडशे किलोमीटर. म्हणजे पाऊण लाख फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात बोल्ट वाकतो आणि सरळ होतो. तार सारखी मागे-पुढे वाकवली की काय होतं हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. सुरुवातीला कुठे काही जाणवत नाही. मग ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. माणूस व्हील बॅलन्सिंग करून घेतो आणि थरथर जात नाही म्हणून बॅलन्सिंगवाल्यालाच बोल लावतो.

याच जागी आणखी दोन सापळे आहेत. एक आट्यांचा. फियाटचे बोल्ट बारा मिलिमीटर जाडीचे, आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. बीएमडब्ल्यूचे त्याच जाडीचे, पण अंतर १.५. शेजारी शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे हाताने जातो, मग घट्ट होतो. अनुभवी माणूस तिथेच थांबतो. घाईतला माणूस लांब दांड्याचा पाना आणतो. दुसरा सापळा बैठकीच्या आकाराचा. काही कंपन्या शंकूची बैठक वापरतात, काही गोलाकार, चेंडूच्या पाठीसारखी. फोक्सवॅगन आणि पॉर्शे या गोलाकारवाल्या. गोल वाटीत शंकू घातला तर तो केसाएवढ्या कडेवर टेकतो. आज घट्ट लागेल, शंभर किलोमीटरनंतर ढिला. भोकांच्या आत जाड पावडर कोटिंग करून चाकं चकचकीत करणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं: बैठकीतला रंगाचा थर दाबाखाली बसत जातो आणि तेवढा बोल्ट सैल होतो.

९८ आणि १०० च्या रोगावर औषध नाही असं नाही. ज्यांच्या शंकूची कडी सुटी असते आणि जागा शोधत एखादा मिलिमीटर सरकते, असे बोल्ट मिळतात. चांगल्या प्रतीचे असतील आणि चाकाचं मधलं भोक हबवर अचूक बसत असेल, तर त्यांनी काम भागतं. हे ‘असेल तर’ महत्त्वाचं, कारण चाकाच्या मधलं भोक हा पत्रिकेतला दुसरा आकडा. फियाटच्या हबचा गोल कडा ५८ मिलिमीटरच्या जरा वर, जुन्या गोल्फचा ५७.१, काही बीएमडब्ल्यूंचा ७२.६. चाकाचं भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक चढणारच नाही. मोठं असेल तर मधे कडी घालून ती फट भरावी लागते. नाहीतर चाक मधोमध आणायचं कामही बोल्टवर पडतं, आणि ते बिचारे आधीच आपल्या कामाने वाकलेले.

तिसरा आकडा लोकांना सगळ्यात कमी ठाऊक, आणि मला विचाराल तर गाडीच्या स्वभावावर सगळ्यात जास्त परिणाम करणारा: ऑफसेट. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेषा कल्पा. हबला टेकणारी तबकडी त्या रेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, ते हे माप. बहुतेक अलॉय चाकांवर ते कोरलेलं असतं, ‘ईटी’ अशी जर्मन अक्षरं आणि पुढे ३५, ४० असा आकडा. हा आकडा लहान झाला की चाक गाडीच्या बाहेर सरकतं. गाडी रुंद, दणकट दिसते. हौशी मंडळींना तेच हवं असतं.

पण भरलेली कळशी कडेवर घेऊन बाई मैलभर चालते. तीच कळशी हात लांब करून धरा म्हटलं तर चार पावलांत खांदा भरून येईल. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर असाच भार येतो. शिवाय पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस जमिनीला कुठे टेकतो आणि टायर कुठे टेकतो, यांतलं अंतर आखणाऱ्याने विचार करून ठरवलेलं असतं. ते वाढलं की एक चाक खड्ड्यात गेल्याबरोबर स्टिअरिंग हाताला हिसका देतं, आणि एका बाजूचा ब्रेक जरा कमी लागला तर गाडी दुसरीकडे ओढते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाडीत हे थेट मनगटात उतरतं. आतल्या बाजूला जास्त गेलेलं चाकही सुखाचं नाही. ते वळणावर सस्पेन्शनला किंवा ब्रेकच्या नळीला घासू शकतं. म्हणून गाडी रिकामी उभी असताना चाक फिरवून बघणं पुरेसं नाही. चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावं.

एवढं ऐकून वाटेल की परकं चाक हा विषयच बाद. तर तसंही नाही. बीटल आणि पॉर्शे यांच्याकडे परत येऊ, कारण या दोघी परक्या नाहीतच. बीटलची आखणी १९३० च्या दशकात फर्डिनांड पॉर्शे यांच्या कचेरीत झाली. १९४८ मध्ये पॉर्शे नावाची पहिली गाडी, ३५६, ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात तयार झाली ती फोक्सवॅगनचे सुटे भाग वापरून. त्यामुळे बीटलचं वर्तुळ पाच बोल्टचं आणि २०५ मिलिमीटरचं, तसंच ते सुरुवातीच्या ३५६ गाड्यांचंही. पुढे पॉर्शेने डिस्क ब्रेक आणले आणि ती पाच बोल्टच्या १३० मिलिमीटरवर आली. बीटलनेही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात माप बदललं, तेही १३० वर, पण बोल्ट चार. मग १९६९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून ९१४ नावाची गाडी काढली. तिच्या चार सिलिंडरवाल्या प्रकारात इंजिन फोक्सवॅगनचं आणि चाकं चार बोल्टची, १३० ची, पंधरा इंची. ती चाकं पुढच्या काळातल्या बीटलवर थेट चढतात. यात परकेपणा कुठला? ही चुलत बहिणीची साडी आहे.

असंच एक नातं दूर व्होल्गाच्या काठी आहे. फियाट १२४ ची आखणी सोव्हिएत संघाने १९६६ च्या करारानुसार घेतली आणि १९७० मध्ये तोल्याती शहरातून लाडा बाहेर पडू लागली. तिनेही चार बोल्ट आणि ९८ मिलिमीटरचं वर्तुळ राखलं. आपल्याकडे प्रीमियरने १९८५ मध्ये आणलेली ११८ एनई हीसुद्धा याच १२४ च्या घराण्यातली. परकं चाक शोधायचंच असेल तर आधी वंशावळ बघावी असं मी म्हणतो ते यासाठी. घराणं एक असलं की बोल्ट, बैठक, मधलं भोक हे सगळं जुळण्याचा संभव वाढतो. मोजायचं ते तरीही मोजायचंच.

हौशी मंडळींना मात्र ९१४ ची चाकं पुरत नाहीत. त्यांना पॉर्शे ९११ ची ती पाच पाकळ्यांची चाकं हवी असतात, जर्मनीतल्या ओट्टो फुक्स कारखान्यात अ‍ॅल्युमिनियम ठोकून घडवलेली. १९६६ मध्ये ९११ एस या गाडीवर ती आली आणि तेव्हापासून माणसं त्यांच्यासाठी वेडी झाली. देखणी आहेत, यात वाद नाही. पण बोल्ट पाच आणि बीटलचे चार. इथे दोन वाटा फुटतात. एक, पाच भोकांचे तयार ड्रम घेऊन बसवायचे. चांगल्या कारखान्याचे असतील तर ही वाट मला मान्य आहे. जुने ड्रम जपून ठेवता येतात. दुसरी, मधे जाड चकती घालायची: एका बाजूने गाडीला, दुसऱ्या बाजूने चाकाला. ही चकती तिच्या जाडीइतकं चाक बाहेर ढकलते, म्हणजे पुन्हा ती लांब हाताची कळशी. आणि जोड एकाऐवजी दोन होतात. आतला जोड ढिला झाला तर बाहेरून दिसतही नाही.

आपल्याकडे तिसरी वाट काढली जाते, कानशीची. भोक थोडं लांबवायचं, किंवा जुनं भोक वेल्डिंगने भरून शेजारी नवं पाडायचं. या वाटेने जाणाऱ्या गाडीत मी बसणार नाही, आणि तुम्हीही बसू नये.

चाक बदललं की सोबत टायरही बदलतो, आणि बीटलमध्ये त्याचा एक गमतीदार परिणाम होतो. तिच्या स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्समधून येत नाही. डाव्या पुढच्या चाकाच्या मध्यातून निघते. ते चाक फिरेल तसा काटा. १६५ चा पंधरा इंची जुना टायर साधारण ६५२ मिलिमीटर उंच असतो. त्याजागी रुंद, बुटका १९५/५० मापाचा टायर घातला की उंची ५७६ वर येते. गाडी ताशी ६० ने जात असेल तर काटा ६८ दाखवतो. इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं, आणि आपल्या रस्त्यांवर हवा असतो तो जमिनीपासूनचा उंचावा पावणेदोन-दोन इंचांऐवजी दीड इंचाने, म्हणजे बरोब्बर ३८ मिलिमीटरने, कमी होतो. हा हिशेब चाक घ्यायच्या आधी कागदावर मांडता येतो, त्याला पाच मिनिटं लागतात.

कायद्याबद्दल थोडं. जर्मनीत असं चाक लावलं तर तपासणी करून ते गाडीच्या कागदांत नोंदवून घ्यावं लागतं. तिथे १९९७ पासून तीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना ऐतिहासिक वाहनाचा वेगळा क्रमांक मिळतो, आणि त्या गाडीच्या काळात जे बदल प्रचलित होते ते चालवून घेतले जातात. म्हणजे त्या काळची पॉर्शेची चाकं ल्यालेली बीटल तिथे भ्रष्ट ठरत नाही. हे मला शहाणपणाचं वाटतं. तेव्हाच्या तरुणांची हौस हासुद्धा इतिहासच की. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले. त्यांत गाडी मूळ रूपात जपलेली असावी ही अट आहे. तेव्हा अशा गाडीच्या मालकाने मूळ चाकं भंगारात घालू नयेत. साफ करून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवावीत. मडगार्डची कड मात्र कापू नये. चाक काढून परत लावता येतं, कापलेला पत्रा परत येत नाही.

शेवटी स्टेपनीबद्दल. चार नवी चाकं घेताना पाचव्याचे पैसे वाचवायचे, ही आपली रीत. ठीक आहे, जुनं लोखंडी चाक स्टेपनी म्हणून चालेल, त्याचा टायर उंचीला बाकीच्यांच्या जवळ असेल तर. पण अलॉय चाकाची तबकडी जाड, म्हणून त्याचे बोल्ट लांब. पातळ लोखंडी चाकाला तेच लावले तर टोकं आत ड्रममध्ये जाऊन ब्रेकला अडकू शकतात. उलट, जुने आखूड बोल्ट अलॉयला लावले तर दोन-तीन आट्यांवरच सगळं तोललं जातं. बोल्टच्या जाडीइतकी लांबी तरी आत गेलेली असावी, म्हणजे बारा मिलिमीटरच्या बोल्टला आठेक पूर्ण फेरे. रात्री घाटात पंक्चर झालं, जॅक लावला, स्टेपनी काढली आणि मग लक्षात आलं की तिचे बोल्ट घरी कपाटात आहेत, असं व्हायला नको. तेव्हा लोखंडी चाकाचे मूळ बोल्ट एका कापडी पुरचुंडीत बांधावेत, वर चिठ्ठी लावावी आणि ती स्टेपनीच्याच खोबणीत ठेवावी. आणि चाक कुठलंही असो, लावल्यावर पन्नास किलोमीटर झाले की थांबून पुन्हा एकदा पाना फिरवावा.